लोणारच्या काठावर इन्फिनिटी पूल?

शनिवारी सकाळी साडेसातला मला दोनच ठिकाणांहून फोन येतो. एक म्हणजे प्रॉडक्शन पडलं की ऑफिसातून, आणि दुसरा गजूदादाचा. (प्रॉडक्शन परवडलं.) गजूदादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. आमच्या बुलडाणा जिल्ह्यात दर तिसऱ्या घरात एक गजानन सापडतो, त्यातला हा आमच्या घरचा.

"काऊन रे, झोपला व्हता का? बरं आयक. तू ग्रीसले गेल्ता ना?"

आता शनिवारी सकाळी, चहाच्या आधी, ग्रीस? मी म्हटलं हो, गेलो होतो, का बरं?

"तथं ते कड्यावर हॉटेलं हायेत ना, पांढरी पांढरी, खाली निळं पाणी? मंग तसं आपल्या लोणारले काऊन नाही होत?"

प्रकरण असं होतं. दादाचं तीन एकराचं एक वावर लोणार सरोवरापासून फार लांब नाही. कड्याला लागून नाही, पण चालत गेलं तर पंधरा-वीस मिनिटं. संभाजीनगरची एक पार्टी त्याच्याकडे आली. ३० वर्षांच्या लीजवर जागा द्या, एकरी वर्षाला एक लाख देतो, रिसॉर्ट काढतो. सोबत बावीस स्लाइडचं प्रेझेंटेशन. पहिल्या स्लाइडवर सँटोरिनीचा फोटो! दादाने तो मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. पांढरी घरं, निळे घुमट, कड्याच्या टोकाशी तरंगणारा स्विमिंग पूल, आणि खाली लिहिलेलं, लोणार, विदर्भाची सँटोरिनी. शिवाय पार्टीचं म्हणणं, घरच्या कोणाला पैसे टाकायचे असतील तर भागीदारीही देऊ. "घरच्या कोणाला" म्हणजे कोणाला ते तुमच्या लक्षात आलंच असेल. पुण्यात आयटीत असलेला माणूस म्हणजे गावाकडच्या हिशोबात चालतंबोलतं एटीएम :)

तर मंडळी, हा लेख म्हणजे दादाला द्यायचं उत्तर आहे. फोनवर मला ते नीट जमलं नाही.

आधी कबुली देऊन टाकतो. आम्ही दोघं मे २०२४ मध्ये, लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला, सँटोरिनीला जाऊन आलो. कड्यावरची गुहेसारखी खोली, बाहेर छोटासा सोपा, समोर समुद्र. एका रात्रीचे साडेचारशे युरो, म्हणजे तेव्हाचे चाळीस हजार रुपये. दादाच्या वावरात एकरी सहा-सात क्विंटल सोयाबीन होतं. २०२५-२६ च्या हंगामाला हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर झाला होता, दादाचा माल दिवाळीत गेला ४,१०० ने. म्हणजे हिशोब करा, एका रात्रीत मी दीड एकराचं सोयाबीन नुसतं झोपून संपवलं. तेव्हा रिसॉर्ट वाईट, लक्झरी वाईट, असलं काही बोलायचा मला अधिकार नाही, आणि बोलणारही नाही. खोली झकास होती. पहाटे उठून त्या सोप्यात बसलो तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं. बायको म्हणते ते बिल आठवून आलं असेल. असो.

पण ती घरं मुळात हॉटेलं नव्हती, हे मला तिथे गेल्यावर कळलं. सँटोरिनी म्हणजे ज्वालामुखीचं कोसळलेलं तोंड. सुमारे ३,६०० वर्षांपूर्वी प्रचंड स्फोट झाला, मधला भाग खचला, समुद्र आत शिरला. उरला तो चंद्रकोरीसारखा कडा, काही ठिकाणी तीनशे मीटर उंच. बेटावर लाकूड जवळजवळ नाही. मग गरीब खलाशांनी काय करावं? कड्यातली मऊ राख कोरून तिच्यात घरं केली. पैसेवाले कप्तान वर सपाटीवर वाड्यांत राहायचे, गरीब खाली कड्यात. ज्या "केव्ह स्वीट"साठी मी चाळीस हजार मोजले ती कधीकाळी कुणा खलाशाची खोली होती. ९ जुलै १९५६ ला मोठा भूकंप झाला, घरं पडली, माणसं अथेन्सला निघून गेली. पुढे सत्तरच्या दशकात ग्रीसच्या पर्यटन खात्याने इया गावातली काही पडकी घरं दुरुस्त करून पाहुण्यांसाठी उघडली. ही पहिली पायरी मला मनापासून पटते. रिकामी घरं होती, ती जगली.

पुढच्या पायऱ्यांचं मात्र तसं नाही. बेटाची वस्ती साडेपंधरा हजार, आणि २०२३ साली पाहुणे आले सुमारे ३४ लाख. इयाला सूर्यास्त बघायला जी गर्दी होते ती बघून मला शेगावची रामनवमी आठवली. फरक इतकाच की शेगावला रांग असते. बेट भरलंय, आता नवीन खाट नको, हे तिथले महापौर निकोस झोर्झोस स्वतः कित्येक वर्षं सांगत आलेत. क्रूझने एका दिवसात उतरणाऱ्यांवर आठ हजारांची मर्यादा २०२५ पासून घातली. शाळेच्या मास्तरांना आणि डॉक्टरांना भाड्याने घर मिळत नाही, कारण प्रत्येक खोली पाहुण्यांना जाते. आमची खोली आवरायला येणारी बाई चौघींबरोबर एका खोलीत राहायची, तीसुद्धा कड्यापासून लांब, जिथून समुद्र दिसत नाही तिथे. नळाचं पाणी पिऊ नका अशी पाटी होती आणि तिच्या वर पूल काठोकाठ भरलेला. समुद्राचं पाणी गोडं करून चालवतात.

आता लोणार. पुण्या-मुंबईच्या ज्या लोकांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. उल्का पडून झालेला खड्डा, तोही बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणात. जगात हे फार दुर्मिळ. व्यास सुमारे १.८ किलोमीटर, खोली दीडशे मीटरच्या आसपास. वय आधी पन्नासेक हजार वर्षं सांगायचे, नंतर आर्गॉन पद्धतीने मोजलं तर पाच लाख सत्तर हजारांच्या घरात निघालं. इंग्रज अधिकारी अलेक्झांडर १८२३ साली इथे आला म्हणून पुस्तकात त्याने "शोध लावला" असं छापतात, पण ऐन-ए-अकबरीतही लोणारचा उल्लेख आहे, आणि गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ तर यादवांच्याही आधीपासूनचं मानतात. लवणासुराला विष्णूने मारलं ती गोष्ट आम्ही शाळेत जायच्या आधी शिकतो. २००० साली अभयारण्य झालं. नोव्हेंबर २०२० मध्ये ४२७ हेक्टर रामसर पाणथळ म्हणून जाहीर झालं, महाराष्ट्रातलं दुसरं. आणि त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं ते तर तुम्ही सगळ्यांनी फॉरवर्ड केलंच होतं. पाणी आटलं, खारटपणा वाढला, त्यात मीठप्रेमी सूक्ष्मजीव माजले. पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासून सांगितलं.

गेल्या दिवाळीत आम्ही गेलो. आधी धारेवर. गोमुखातून बारमाही पडणारं गोडं पाणी, आंघोळ करणारी माणसं, ओल्या लुगड्यांचा वास. मग खाली उतरलो. एकेक पायरी उतरताना वरचा आवाज कमी होत जातो. झाडी, मोर, पडकी देवळं, वटवाघळं. तळाशी पोचलं की कुजकट शेवाळाचा वास येतो, आणि पांढरट चिखल. माझी मुलगी नाक दाबून म्हणाली, "शी!" हा वास कुठल्याही स्लाइडवर येत नाही :) कमळजा देवीच्या बाजूला सासू-सुनेची विहीर आहे, तिचं एका बाजूचं पाणी गोडं आणि दुसऱ्या बाजूचं खारट म्हणतात. कुठली बाजू कोणाची हे गाइडने बायकोकडे बघत सांगायचं टाळलं. हुशार मुलगा.

तर सँटोरिनी आणि लोणार दोन्ही खड्डे, दोन्हीला कडा, दोन्हीकडे वरून खाली पाहिलं की छातीत धस्स होतं. पार्टीवाल्याला फोटोत जे साम्य दिसलं ते खोटं नाही. पण एक फरक आहे, आणि माझ्या मते सगळं प्रकरण त्या फरकावर येऊन थांबतं. सँटोरिनीचा खड्डा समुद्राला उघडा आहे. हॉटेलांनी काही सोडलं तरी ते लाटांबरोबर पसरतं, वाहून जातं (चांगलं नाहीच ते, पण जातं). लोणारला बाहेर जायला वाटच नाही. पाणी आत येतं, पावसाचं, झऱ्यांचं, आणि बाहेर पडतं ते फक्त वाफ होऊन. क्षार, साबण, मैला, जे काही पाण्याबरोबर आत येतं ते तिथेच बसतं. हजारो वर्षं असंच चाललंय म्हणून तर ते पाणी इतकं खारट, सामू दहाच्या आसपास. आपल्या भाषेत सांगायचं तर अपेंड-ओन्ली लॉग. लिहिता येतं, डिलीट करता येत नाही, आणि बॅकअप नाही. गावचं सांडपाणी तळ्यात जातं ही तक्रार किती जुनी आहे, नागपूर खंडपीठापुढे लोणारच्या याचिका किती वर्षं चालल्या, हे तिकडच्या माणसांना वेगळं सांगायला नको.

यावर दादा काय म्हणाला असेल? तो काही अडाणी नाही, बीएस्सी अ‍ॅग्री आहे. म्हणाला, "आपल्या वावराचा उतार बाहेरच्या अंगाले हाये. सांडपाणी तळ्यात जाईनच कसं?"

मुद्दा बरोबर आहे. कडा भोवतालच्या जमिनीपेक्षा उंच उचललेला आहे, त्यामुळे बाहेरचं वरवरचं पाणी बहुतेक ठिकाणी उलटं बाहेर जातं. पण दादा, धारेला जे बारमाही पाणी आहे ते आकाशातून नाही येत. ते भोवतालच्या जमिनीत मुरतं आणि खडकाच्या फटींतून खड्ड्याच्या भिंतीत निघतं. तिथेच तू तीन बोअर मारशील, आणि तिथेच शंभर माणसांचे शोषखड्डे घेशील. फटी दोन्हीकडच्या त्याच. पूलचं गणित मी फोनवरच करून दाखवलं. दहा बाय चार मीटर, सव्वा मीटर खोल, म्हणजे पन्नास हजार लिटर. मे महिन्यात रोज सेंटीमीटरभर तरी उडणार, म्हणजे नुसत्या वाफेचे चारशे लिटर दररोज. आपल्या गल्लीत उन्हाळ्यात नळ आठवड्यातून एकदा येतो आणि काकू हंड्यांची रांग लावून बसते. तिच्यासमोरून तो टँकर पूलकडे जाताना तुला बघवेल का?

दादा जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "काकूले नको मधात आणू."

बरं, आणखी एक गंमत. लोणारचं सरोवर लांबून दिसतच नाही. तुम्ही अगदी कड्यावर पाऊल ठेवता तेव्हाच ते एकदम खाली उघडतं, तोपर्यंत नुसती वावरं. जादू आहे ती तिथेच. दादाच्या वावरातून "लेक व्ह्यू" हवा असेल तर तीन मजले चढवून गच्चीवर पूल घ्यावा लागेल, आणि स्लाइड क्रमांक नऊवर नेमकं तेच काढलंय. म्हणजे मग कड्यावर उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाला, कुठल्याही बाजूने बघा, झाडांच्या वर ही निळी-पांढरी इमारत दिसणार. पन्नास जणांना व्ह्यू मिळावा म्हणून बाकी सगळ्यांचा व्ह्यू बिघडणार. अभयारण्याला लागून बांधकामावर निर्बंध आहेत, त्यावर पार्टीवाला म्हणाला, "ते आपण बघून घेऊ." ही चार शब्दांची परवानगी मला सगळ्यात जास्त धोक्याची वाटली.

मग काय लोणारला कोणी राहूच नये? उलट! लोणारचं दुखणं हेच आहे की माणसं राहतच नाहीत. समृद्धी महामार्गावर मेहकरला उतरायचं, तासाभरात कड्यावर, सेल्फी, आणि पुढे शेगाव नाहीतर अजिंठा. गावाला मिळतो चहाचा आणि पाण्याच्या बाटलीचा पैसा. एमटीडीसीचं निवास आहे, काही लॉज आहेत, २०२२ साली सुमारे ३७० कोटींचा विकास आराखडाही आला. पण साधी, स्वच्छ, घरच्या माणसासारखं विचारणारी खोली मिळेल का हा प्रश्न आजही पुण्यातले मित्र मला विचारतात, आणि मी अडखळतो.

आणि गंमत बघा, हे ज्या जिल्ह्याला उत्तम जमतं तो आमचाच जिल्हा आहे. शेगावला जाऊन या. गजानन महाराज संस्थानचं भक्तनिवास. पहाटे चारला संडासात जा, फरशी कोरडी. चादर पांढरीशुभ्र. प्रत्येक सेवेकरी, झाडू मारणारासुद्धा, तुम्हाला "माउली" म्हणतो आणि वाट सोडतो. शिवशंकरभाऊ पाटलांनी (२०२१ मध्ये गेले) हे जे उभं केलं त्याच्यावर मॅनेजमेंटची पोरं प्रोजेक्ट करतात. मी ऑनसाइट असताना बऱ्याच ठिकाणी राहिलोय, कंपनीच्या पैशाने पंचतारांकितही. आल्याबरोबर माणूस आपल्याला बघून खरंच हलका होतो, हे शेगावइतकं कुठे वाटलं नाही. ते काही शेकड्यांत मिळतं. लक्झरी म्हणजे तीच असेल तर ती आपण बाहेरून कशाला आणायची? (कचोरीचा मुद्दा मी मुद्दाम काढत नाही, विषय वाहवत जाईल.)

म्हणून मी दादाला उलटा प्रस्ताव दिला. लीज नको. त्याच वावरात, रस्त्याच्या अंगाला, सहा खोल्या. एकमजली, कौलारू, जाड भिंती, समोर ओटा, त्या कडुनिंबाखाली. पूल नाही. बोअर नवीन नाही, छपराचं पाणी हौदात. सँटोरिनीचे लोकही टाक्यांत पावसाचं पाणी साठवूनच जगत होते, हॉटेलं येईपर्यंत. सांडपाणी मुरवायचं नाही, टाकीत शुद्ध करून झाडांना. सकाळी सहाला गावातला भूगोल शिकलेला पोरगा पाहुण्यांना खाली घेऊन जाईल, दगड दाखवेल, देवळं दाखवेल. रात्री दुर्बीण, कारण अंधार अजून आपल्याकडे शिल्लक आहे. जेवायला काकूचं पिठलं-भाकर आणि ठेचा. खोलीला रात्रीचे अडीच हजार, वर्षात फक्त एकशे वीस रात्री भरल्या तरी अठरा लाख. निम्मा खर्च धरला तरी नऊ उरतात, पार्टी देणार तीन. पैसे मी टाकतो, पण याच्यात.

मला वाटलं दादा उडी मारेल.

तो म्हणाला, "एकशे वीस रात्री कोण येईन? लोक फोटो पाहून येतात. कडुनिंबाचा फोटो पाहून कोणी येत नाही. पार्टी तीन लाख चेकनं देऊन रायली, पाऊस पडो का न पडो. तू म्हणतो ते नऊ तुह्या एक्सेलमधी हायेत." आणि मग, अगदी शांतपणे, "तुले आपलं गाव जसंच्या तसं पाहिजे, बापू, कारण तुले तथं राहायचं नाही. तू तिकडं चाळीस हजार एका रातीचे देऊन आला. लोणारात किती राती राहिला आतापर्यंत?"

एकही नाही. लहानपणापासून वीस-पंचवीस वेळा तरी गेलो असेन. दर वेळी संध्याकाळी घरी परत. गेल्या दिवाळीतसुद्धा मुलगी कंटाळली, वास येतो म्हणाली, आणि आम्ही साडेचारला गाडी काढली. सूर्यास्त बघायला आम्ही इयाच्या गर्दीत दोन तास उभे होतो, लोणारचा सूर्यास्त मी पाहिलेलाच नाही.

फोन ठेवल्यावर दिवसभर हे डोक्यात राहिलं. तळ्याबद्दलचं माझं म्हणणं त्यामुळे चुकीचं ठरत नाही. बाहेर जायची वाट नसलेल्या खड्ड्याच्या काठाशी शंभर माणसांचं रिसॉर्ट नको म्हणजे नको, मग ते ग्रीसचं असो की संभाजीनगरचं. पण नको म्हणणाऱ्याने दादाच्या तीन लाखांचं काय ते सांगायला हवं, नाहीतर त्याने माझं का ऐकावं? दर वर्षी सोयाबीन ४,१०० ने विकणारा माणूस पाच लाख वर्षांचा विचार माझ्या सांगण्यावरून फुकटात करणार नाही.

रविवारी मीच फोन केला. पार्टीला एक महिना थांब म्हण, एवढंच मागितलं. आणि ऑफिसातल्या आठ जणांना तयार केलंय, दोन रात्रींसाठी. खोल्या नाहीत, तर दादाच्या वावरातच तंबू टाकायचे. माणशी रात्रीचे अडीच हजार, काकूच्या जेवणासकट, आगाऊ. एकजण म्हणाला वायफाय आहे का. मी म्हटलं कडुनिंब आहे.

दादाने पैसे पोचल्याचं कळवलं नाही. आज सकाळी, पुन्हा साडेसातला, मेसेज आला. आंघोळीले गरम पाणी लागते का तुह्या लोकायले, का धारेवर जातीन?